नवमीचे डोकरा-डोकरी

इंदूर, भाद्रपद वद्य नवमी, तिन्हीसांजेला

घरातल्या दिनदर्शिकेत अजून भाद्रपद चालू आहे, आणि शेजारच्या पंचांगात आश्विन लागून आज नववा दिवस. आपला महिना अमावास्येला संपतो, माळव्याचा पौर्णिमेला. त्यामुळे रामबागेतल्या मराठी घरात आज वर्षा ऋतू आणि भिंतीपलीकडच्या माळवी घरात शरद. संजा, म्हणजे मुली भिंतीवर शेणाने रोज नव्या आकृतीत मांडतात ती माहेरवाशीण, मात्र दोन्ही भिंतींवर एकच. भाद्रपदी पौर्णिमेला ती येते, सर्वपित्री अमावास्येला जाते. दोन्ही टोकं धरून सोळा तिथ्या.

मोठ्यांसाठी हा पंधरवडा पितरांचा. शुभकार्य नाही, खरेदी नाही, दुपारी कावळ्याची वाट बघायची. आज अविधवा नवमी, सकाळी सवाष्ण जेवून गेली. आणि त्याच घराच्या दाराशी मुली एका पाहुणीचं घर मांडताहेत. मोठे गेलेल्यांना बोलावतात, मुली माहेरी आलेलीला. मुलींना यात काहीच वेगळं वाटत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आजची आकृती डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी. घरोघरी क्रम थोडा बदलतो, पण ढाचा असा: पौर्णिमेला पाट, चौथीला चौपड, पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, आज ही जोडी. तिथी आणि आकडा एकमेकांत असे गुंतवले आहेत की पाच वर्षांची मुलगी पंचांग न बघता तिथी सांगते. आणि संजा खरी आहे हे तिला कुणी पटवून द्यावं लागत नाही. आधी बसायला पाट आला, मग खेळायला चौपड आली, आज घरात वडीलधारे आले. एवढं सामान आलं म्हणजे राहणारी कुणीतरी असणारच, हे ती स्वतःच ताडते.

आता शेणाबद्दल, कारण बिघडतं ते इथेच. शहरातले गोठे बाहेर गेल्यापासून शेण गोशाळेतून किंवा बाहेरच्या गावातून आणावं लागतं. ते सकाळचं ताजं हवं. पण पावसाळ्यात गाय हिरवा चारा खाते आणि शेण पातळ येतं. असं शेण भिंतीवरून ओघळतं. ते गोणपाटावर चार-पाच तास पसरून ठेवावं, पाणी निथळतं. मग दोन वाटे शेणाला एक वाटा चाळलेली पिवळी माती. माळव्याची काळी माती कधीही घेऊ नये. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, सकाळपर्यंत म्हाताऱ्याच्या अंगावर भेगा पडलेल्या असतात. पीठ मळल्यासारखं मळून, गोळा मुठीत दाबल्यावर बोटांमधून पाणी आलं नाही म्हणजे झालं.

भिंतीवर आधी दीड-दोन फुटांचा चौकोन सारवून घ्यायचा, मुलीच्या खांद्याच्या उंचीला. मोठ्यांच्या नजरेच्या उंचीला केला की काम मोठ्यांच्या हातात जातं. सारवण ओलसर असतानाच आकृती. एकेक मूठ शेणाच्या वळ्या करून चिकटवायच्या, जाडी बोटाएवढी. अंगठ्याहून जाड झाली की या दमट हवेत आतून वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी धरते. म्हातारीला पदर दाखवायचा असेल तर वळी न लावता चपटी पट्टी लावावी. म्हाताऱ्याची काठी शेवटी, आणि ती जमिनीला टेकलीच पाहिजे. मुली यावर अडून बसतात आणि त्यांचं बरोबर आहे.

ऑइलपेंटच्या भिंतीवर यातलं काही टिकत नाही. रंग पाणी ओढत नाही, शेण वाळून आकसलं की अख्खा पापुद्रा सुटतो. फ्लॅटमध्ये जुना लाकडी पाट किंवा प्लायवुडचा तुकडा घ्यावा, त्यावर गोणपाट ताणून खिळे मारावेत आणि त्यावर सारवावं. धागे शेणाला धरून ठेवतात. तो तुकडा दाराबाहेरच उभा करावा, घरात नाही. पाहुणी दारातून येते.

फुलं आकृती ओली असतानाच दाबायची, साधारण वीस मिनिटांत. उशीर झाला तर शेणाच्या पाण्याचा बोळा फिरवून घ्यावा. तेरडा, झेंडू, कण्हेर. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, इथे तो एका रात्रीपुरताच लागतो. चांदणीची पांढरी फुलं सुंदर दिसतात पण सकाळी तपकिरी पडतात, डोळ्यांना लावू नयेत. डोळ्यांना चमकीचा कागद.

आरतीनंतरचा प्रसाद ओळखण्याचा खेळ माळवी मुलींचा आणि आपल्या भोंडल्यातल्या खिरापतीचा अगदी एकच. डबा हलवायचा, आवाजावरून ओळखायचं. फुटाणे खडखडतात, परमल म्हणजे मुरमुरे, ते सळसळतं, खोबऱ्याचे तुकडे जड पडतात. ज्या आईला डाव जिंकायचा असतो ती शेंगदाणे फडक्यात बांधून ठेवते. दहा मुलींना पाव किलो पुरतं.

बाजारात छापील कागदी संजा मिळते. एक चिकटवली की सोळा दिवस झाले. ज्या घरात करायला कुणी नाही तिथे निदान आठवण राहते, हे मान्य. पण कागदावर दिवस जात नाहीत. खरी संजा रोज उतरवावी लागते. कालचं फूल हळूच सोडवून टोपलीत ठेवायचं आणि मग आजची जोडी. आपण उतरवलेलं फेकायचं नाही, ते तिचं सामान आहे, हे त्या उतरवण्यातूनच मुलीला कळतं. ‘ती खरंच राहते का’ असं एखादीने विचारलं तर मोठ्यांनी हो-नाहीच्या भानगडीत पडू नये. ‘उद्या तिच्यासाठी काय करायचं?’ एवढं विचारावं. तिच्याकडे उत्तर तयार असतं.

एकादशीपासून किल्लाकोट सुरू होतो. त्याला अर्धी बादली शेण लागतं, चौकोन अडीच फुटांचा. दुहेरी तट, खाली दार उघडं. आत चंद्र, सूर्य, निसरणी म्हणजे शिडी, मोर, कावळा, ढोली म्हणजे ढोलवाला, जाडी जसोदा, पतली पेमा. दुपारी अंगणात ज्याची वाट बघितली तो कावळा इथेही आहे, आणि मुली त्याला न विसरता करतात. आणि बैलगाडी. ही गाडी कशासाठी हे मुलींना ठाऊक असतं, म्हणून ती करताना गलका थोडा कमी होतो.

अमावास्येला टोपली पाण्यात सोडायची. शहरातल्या नदीत नको. अंगणात टबात पाणी घ्यावं, रात्रभर भिजवावं, चमकी वेचून काढावी आणि ते पाणी झाडांना घालावं. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, त्याच मुली पाटावर हत्ती मांडून भोंडल्याला उभ्या राहतात.

उतरवण्याचाही क्रम आहे. आधी तट, मग माणसं, मग चंद्र-सूर्य. गाडी सगळ्यांत शेवटी. तिच्या कडेने ओलं फडकं फिरवावं, पाच मिनिटं थांबावं आणि उलथनं खालून वर सरकवून ती अख्खी काढावी, टोपलीत सगळ्यात वर ठेवावी. घाईत ओढली तर चाकं तुटतात, आणि मग मुलगी विचारते, ती आता जाणार कशी.