नवमीची पावणेसात

पौष शुद्ध दशमी, रात्र. नेरुळ.

तळहातांवर दोराचे वळ अजून आहेत, पण काकांच्या शिडाच्या बोटीतली ही दोन दिवसांची सफर झोपण्याआधी लिहून ठेवायचीच आहे.

काकांनी आठवडाभर आधीच बजावलं होतं, "तिथीची पाऊणपट कर. नऊची पाऊणपट पावणेसात. तेव्हा भरती पूर्ण. सातला आपण सुटलेलो असलो पाहिजे." आजोबांच्या तोंडून हा हिशेब लहानपणी ऐकला होता, पण त्यावर विसंबून घराबाहेर कधी पडले नव्हते. वीस वर्षं नेरुळला राहते. खाडी म्हणजे पामबीच रोडवरून बेलापूरकडे जाताना उजव्या हाताला दिसणारी कांदळवनाची रेघ, एवढीच माझी तिची ओळख.

काकांची बोट सव्वीस फुटांची. एक डोलकाठी, दोन शिडं, आत चौघांना जेमतेम आडवं होता येईल एवढी जागा. तळाशी जड कणा आहे, तो पाण्याखाली सव्वा मीटर उतरतो. त्याच्यामुळे बोट उलटत नाही आणि त्याच्यामुळेच ती चिखलात रुतते. एकदा परतताना भरतीनंतर दोन तासांनी ती खाडीच्या तोंडाशी रुतली होती. पाणी उतरतच होतं. परत तेवढं पाणी चढेपर्यंत साडेआठ तास काका एका कुशीवर कलंडलेल्या बोटीत बसून होते. तेव्हापासून त्यांच्या घरी घड्याळाआधी पंचांग बघतात.

काल सातला नांगर उचलला तेव्हा उजाडत होतं. जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीशी, ओहोटीही आपल्याच बाजूची. इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली, तिचं काय करावं ते मला आधी कळेना. मागे वळून पाहिलं तर रोहित पक्ष्यांचा थवा पाणथळीवरून खाडीकडे निघाला होता. ओहोटीने चिखल उघडा पडायला लागला की ते चरायला येतात. म्हणजे आम्ही आणि ते एकाच वेळापत्रकावर निघालो होतो.

अटल सेतूखालून गेलो, घारापुरी डावीकडे ठेवली. पुढे बंदरात मोठ्या जहाजांच्या मार्गापासून लांब राहायचं होतं. कंटेनरचं जहाज आपल्यासाठी थांबू शकत नाही, वळूही शकत नाही. तो तास काका फारसं बोलले नाहीत. मी दुर्बिणीतून जाळ्यांच्या खुणेचे बावटे शोधत होते. कोळ्यांच्या डोल जाळ्या प्रवाहात लावलेल्या असतात, ओहोटीचं पाणीच मासळी त्यांत नेतं. आपल्याला वाहून नेणारं पाणी दुसऱ्याचं पोट भरत असतं, त्यामुळे बावटा दिसला की लांबून वळसा घालायचा. काका याबाबतीत कडक आहेत आणि मला ते फार पटतं.

दुपारी वारा पडला, तासभर शिडं नुसती फडफडत राहिली, मग वायव्येकडून खारा वारा आला आणि बोट कलली. दोनच्या सुमारास खांदेरी! 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते अडवायला गलबतं आणली, हे शाळेत पाठ केलं होतं. सव्वीस फुटी बोटीतून त्या तटाकडे पाहिलं तेव्हा कळलं की सगळी लढाई या वाऱ्यात आणि या पाण्यात झाली. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी, आणि मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर रात्रीच्या वेळी रसद पोचवून मोकळ्या. मी तासभर आधी तोच पडलेला वारा अनुभवला होता. उतरलो नाही. दीपगृहाला वळसा घातला, बेटावरच्या वेताळाला बोटीतूनच हात जोडले आणि मुक्कामाला मांडव्याला आलो.

आज सकाळी मात्र मला घाई झाली. दुपारी ऑफिसची मीटिंग होती. सातलाच निघू, म्हटलं. काकांनी कागदावर दोन बाण काढले. सकाळचा मतलई वारा तोंडावर. साडेसातला भरती पूर्ण, त्यानंतरचं पाणीही तोंडावर. "इंजिन लावून पोचशील बारापर्यंत. आणि तेव्हा खाडीत पाणी कुठे असेल?" मी गप्प झाले. मीटिंगला येत नाही असं कळवलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

मग वाट पाहिली. पाणी उतरताना पाहिलं, काठावरचे खडक एकेक करून वर आले. आम्ही पिठलं-भात केला, दोर तपासले, मी थोडी झोपले. दुपारी केव्हातरी नांगरावरची बोट आपणहून हळूहळू वळली आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे झाली. पाणी फिरलं होतं. कोणी काही सांगितलं नाही, बोटीनेच सांगितलं.

तीनला निघालो. वारा बाजूने, भरती पाठीमागून. लाटा लांब आणि मऊ होत्या. कालपेक्षा निम्म्या कष्टात साडेतीन तासांत खाडीच्या तोंडाशी. सुकाणू माझ्या हातात होतं. ज्या चिखलात बोट रुतली होती, तिथून आम्ही भरल्या पाण्यावरून आत आलो.

घरी आल्यावर बाल्कनीतून पाहिलं. अंधारात पाणी दिसत नाही, पण आत्ता ते कांदळवनाच्या मुळांत शिरलेलं असणार. उद्या एकादशी. सव्वाआठ.