आमची वाटचाल: पत्र्याची शेड, टेस्ट लॅम्प आणि स्कॅनर

गॅरेज टाकलं ते आम्ही दोघांनी. मी आणि माझे थोरले चुलतभाऊ, नाना. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडच्या रस्त्याला लागलं की खेर्डीच्या अलीकडे आमची शेड. मी इंजिनाचा, नाना वायरिंगचे. नानांचं सगळं भांडवल म्हणजे एक पक्कड, पितळी टोकाचा घरी केलेला टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत वीज आहे का ते दाखवणारा बल्ब, आणि कान. मारुती 800 चा कार्बुरेटर असेपर्यंत तेवढ्यात भागायचं. 2000 च्या सुमारास इंजेक्शनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकुमानं पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या वाढल्या तसे आमच्या बरोबरीचे बरेच मेकॅनिक ‘ही इलेक्ट्रॉनिकची भानगड आपली नव्हे’ म्हणत डिझेल जिपांवर गेले. नाना मात्र मल्टिमीटर घेऊन आले आणि टेस्ट लॅम्प खुंटीला टांगला. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, वायरीला बल्बचा लॅम्प लावायचा नसतो, तो जास्त करंट ओढतो आणि ईसीयूच्या आतलं सर्किट जाळू शकतो. आजही पोरं लावतात. लावू नका.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

मग हायवेला काचेचं वर्कशॉप उघडलं. नाव घेत नाही, चिपळुणात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी आणि गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा टॅबलेटएवढा स्कॅनर. त्याचं काही वाटलं नाही. धंदा आहे, ज्यानं त्यानं करावा. पण आमच्या गिऱ्हाइकांना तिथे सांगितलं जायचं, ‘सेन्सरची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कसली दाखवता?’ बोललेलं गावात फिरतं. त्या वर्षी गणपतीच्या आदल्या पंधरवड्यात, जेव्हा चाकरमान्यांच्या गाड्यांची आमच्या दारात रांग असायची, तेव्हा आम्ही दोघं पेपर वाचत बसलो होतो. दिवाळीनंतर शेड भाड्यानं द्यायचंही बोलणं झालं होतं.

त्यातच गुहागरकडचे आमचे डॉक्टर आले. जुने गिऱ्हाईक, पण त्या वर्षी तेही काचेकडे गेले होते. पेट्रोल गाडी. कराडला जाताना कुंभार्ली घाटात बंद पडायची, अर्धा तास थांबलं की मुकाट चालू व्हायची. वर्कशॉपात आधी प्लग बदलले, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, मग फ्युएल पंप, शेवटी कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची जागा सांगणारा), कारण स्कॅनरनं पी0340, म्हणजे त्याच सेन्सरच्या सर्किटचा कोड, दाखवला होता. डॉक्टरांनी बिलांची पिशवीच टेबलावर ठेवली. म्हणाले, “नाना, तुमच्याकडे येताना लाज वाटतेय. पण सासूबाईंचं डायलिसिस कराडला आहे.”

नानांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला आमचा साधा स्कॅनर लावला. कोड पुसला गेला होता, परत पडला नव्हता. पण पिशवीत त्या वर्कशॉपची प्रिंट होती आणि तिच्यात फ्रीझ फ्रेमही होती. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणी गाडीची अवस्था काय होती त्याची नोंद. तिच्यात कूलंट 34 अंश आणि वेग शून्य. नाना मला म्हणाले, “बाळा, ही गाडी तापल्यावर मरते ना? मग हा कोड थंड गाडीत, जागेवर उभी असताना कसा पडला?” इंजिन चालू असताना कोणीतरी कॅमचा कनेक्टर काढून बघितला असणार. म्हणजे कोड गाडीचा नव्हताच, मेकॅनिकचा होता, आणि त्याच कोडावर सेन्सर विकला गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन आम्ही पोफळीवरून घाट चढायला लागलो. वरच्या वळणांपैकी एका वळणावर इंजिन गेलं. आरपीएमचा काटा खाडकन शून्यावर. जाणणाऱ्याला एवढ्यात कळतं. इंधन संपलं असतं तर गाडी गिअरमध्ये पळतेय, चाकं इंजिनाला फिरवताहेत, तोवर काटा सावकाश उतरला असता. इथे चाकं फिरत होती आणि गाडीला वाटत होतं की इंजिन थांबलंय. सेल्फ मारला तर स्क्रीनवर आरपीएम शून्यच. क्रँक सेन्सर, इंजिन किती फिरतंय ते ईसीयूला सांगणारा. त्याचा सिग्नल गेला की ईसीयूच्या लेखी इंजिन बंदच केलेलं असतं, म्हणून कित्येक गाड्यांत कोडही पडत नाही. स्कॅनरवर भरवसा ठेवणारे इथेच फसतात.

तरी नाना लगेच ‘सेन्सर’ म्हणाले नाहीत. वायरही असू शकते. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, दगड लावला, फ्लायव्हीलजवळचा कनेक्टर सोडला. दोन पिनांचा, कॉइलवाला सेन्सर. मीटर लावला तर सर्किट तुटलेलं, आकडाच नाही. मग ओलं फडकं सेन्सरवर दाबून धरलं. थोड्या वेळानं मीटर फडफडला आणि नऊशेच्या आसपास ओमवर स्थिर झाला. आतली बारीक तार तापून फाकत होती, थंड झाली की पुन्हा चिकटत होती. डॉक्टर छत्री धरून उभे होते. नानांनी मीटर त्यांच्या हातात दिला, “तुम्हीच बघा.” सेन्सर बदलला, आणि त्यानंतर ती गाडी घाटात कधी थांबली नाही. डॉक्टरांनी त्या पिशवीची गोष्ट गुहागरपासून चिपळूणपर्यंत प्रत्येक पेशंटला सांगितली. आमची जाहिरात काय ती एवढीच.

शेड वाचली असं वाटलं, तेवढ्यात 22 जुलै 2021 आला. वाशिष्ठीच्या पुरानं शहरात काय केलं ते चिपळूणकरांना सांगायला नको. पाणी ओसरलं तेव्हा स्कॅनरमधून चिखल गळत होता, टूल ट्रॉली उलटी पडलेली आणि नानांचा मीटर सापडलाच नाही. पंचनाम्यात ‘जुनी अवजारे’ एवढंच लिहिलं गेलं. त्या मीटरची किंमत लिहिणाऱ्याला कशी कळणार? डॉक्टर गमबूट घालून आले आणि पाकीट ठेवून गेले, “पुढच्या सर्व्हिसिंगचे आगाऊ धरा.” त्यांची पुढची किती सर्व्हिसिंगं त्यात झाली असती याचा हिशेब मी केला, त्यांनी करू दिला नाही.

पुरातल्या गाड्यांबद्दल एक सांगतोच, कोणी विचारत नसलं तरी. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडा. आणि नुसती धुऊन पुसून घेतलेली गाडी कितीही चकचकीत असली तरी घेऊ नका. त्या वर्षी धुऊन विकलेल्या गाड्या पुढच्या पावसाळ्यात आमच्याकडे यायला लागल्या: सिग्नलला उभ्या राहिल्या की बंद. सेन्सर चांगले, पण कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर आणि अर्थिंगच्या बोल्टखाली गंज. इंजिन चालू ठेवून अर्थ आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावा, 0.2 व्होल्टच्या वर गेला तर आधी बोल्ट घासा, सेन्सरला नंतर हात लावा. आमच्या किनाऱ्याला खारी हवा तेच काम पुराशिवायही करते, फक्त सावकाश. उरलेलं उंदीर करतात.

काचेचं वर्कशॉप अजून आहे. वायरिंगची किचकट गाडी आली की आमच्याकडेच पाठवतात. ‘आमचं नाव तिथे सांगू नका’ असं गिऱ्हाइकाला बजावून. गिऱ्हाईक ते पहिल्या वाक्यात सांगतं. नानांचा मुलगा आता ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर क्रँक आणि कॅमच्या सिग्नलच्या लाटा एकाखाली एक लावून दाखवतो. नाना चष्मा चढवून बघतात आणि मीटरच लावतात.

राग मात्र एका गोष्टीचा राहिला. पार्ट बदलला की लोक बिल भरतात. दोन तास शोधून सुटलेली पिन दाबून दिली की म्हणतात, “एवढंच होतं? मग पैसे कसले?” म्हणून आता शेडच्या दारावर लाल रंगात लिहून ठेवलंय: तपासणीचे पैसे वेगळे पडतील, पार्ट बदलो न बदलो. डॉक्टरांनाही पडतात. तेच तेवढे न बोलता देतात.