बदामी, ऐहोळे, हंपी आणि घड्याळ बघणारा टूर मॅनेजर

आईचे गुडघे आणि माझी सुट्टी यांचा मेळ बसवायचा तर ग्रुप टूरच बरी, म्हणून बुक केली. बस, सीट रोटेशन, पहिल्या सीटवरून होणारी कुजबुजती भांडणं, दोन काकूंचे डबे सतत फिरतायत, हे सगळं धरून चाला. रूट कर्नाटकातला नेहमीचाच, सोलापूरवरून विजापूर, मग बदामी, ऐहोळे-पट्टदकल एका दमात आणि शेवटी हंपी.

गोल घुमटाबद्दल फार लिहीत नाही. साधारण 44 मीटर व्यासाचा घुमट, मध्ये एकही खांब नाही, खाली एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सगळा भार पेललाय, हे बघायला मान वर करावी लागते. पण वर गॅलरीत शाळेच्या सहली एवढ्या कोकलत असतात की पलीकडच्या टोकाची कुजबुज ऐकू येते म्हणतात ती कधी ऐकायची?

बदामीला मात्र लोकल गाइड भेटला आणि टूरचा रंगच बदलला. साठीचा माणूस, हिंदी कानडी वळणाची, आईला अम्मा अम्मा करत हात धरून पायऱ्या चढवत होता. पहिल्या लेण्यात अठरा हातांचा नटराज आहे, तिथे सगळ्यांनी मोबाईल काढले तर हा म्हणे फोटो नंतर, आधी हात बघा, इकडचे नऊ तिकडचे नऊ, एकेक जोडी लावत जा, 81 मुद्रा होतात. आमच्या ग्रुपमधली भरतनाट्यम शिकणारी मुलगी खरंच जोड्या लावत बसली आणि टूर मॅनेजर घड्याळ बघत बसला. तिसरं लेणं सगळ्यात भारी, त्यातला चालुक्य राजा मंगलेशाचा शिलालेख इसवी सन 578 चा आहे, म्हणजे लेण्याची तारीख दगडातच लिहून ठेवलीये, आपल्याकडच्या कितीतरी लेण्यांच्या बाबतीत अभ्यासकांना नुसता अंदाज बांधावा लागतो.

आता माझी खरी तक्रार. ऐहोळेला आम्हाला दिला पाऊण तास! दुर्ग मंदिराला एक चक्कर (मागची बाजू अर्धगोल आहे, बाहेरच्या ओवरीतून फिरताना एकेक मूर्ती समोर येत जाते, महिषासुरमर्दिनी चुकवू नका), फोटो आणि चला बसमध्ये. शेजारचं लाड खान मंदिर घ्या. त्याच्या छतावर दगडी फळ्यांच्या सांध्यांवर लाकडी ओंडक्यासारख्या लांब दगडी पट्ट्या बसवल्यात. लाकडात घर बांधायची सवय असलेला माणूस दगडाला हात घालतो तेव्हा काय करतो ते तिथे डोळ्याने दिसतं. हे आम्हाला गाइडनेच दाखवलं, बोर्ड वाचून कोणी वर बघितलं नसतं.

आणि मेगुती! टेकडीवरचं जैन मंदिर, ते तर कार्यक्रमातच नव्हतं, पायऱ्या आहेत, सिनियर सिटिझन दमतात वगैरे. मी आणि एक निवृत्त मास्तर, आम्ही दोघांनी जेवण सोडून वर धाव घेतली. भिंतीवर रविकीर्ती नावाच्या कवीने इसवी सन 634 मध्ये कोरवून घेतलेला लेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला हरवलं ते त्यात आहे, शिवाय तीन महाराष्ट्रकं (म्हणजे महाराष्ट्राचे तीन भाग) आणि त्यातली 99,000 गावं पुलकेशीच्या ताब्यात आली असंही आहे! म्हणजे आपल्या राज्याच्या नावाचा इतका जुना उल्लेख असलेला दगड इथे आहे आणि महाराष्ट्रातून आलेली आख्खी बस खाली ज्वारीची रोटी आणि शेंगा चटणी खात बसलीये. कवी शेवटी म्हणतो माझी कीर्ती कालिदास आणि भारवी या संस्कृत कवींच्या तोडीची आहे, बढाई आहे पण कामाची बढाई, कारण कालिदास 634 च्या आधीचा हे त्यामुळे पक्कं झालं. मास्तरांनी तिथेच मला हे सगळं उभ्या उभ्या शिकवलं, जेवण गेलं त्याचं काही नाही.

पट्टदकलला दुपारचं ऊन, पण मलप्रभेचा वारा होता. उत्तरेकडच्या पद्धतीची वळणदार शिखरं आणि दक्षिणेकडची टप्प्याटप्प्यांची विमानं (गाभाऱ्यावरचे मनोरे) एकाच आवारात शेजारी शेजारी उभी. सगळ्यात मोठं विरुपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधवून घेतलं, नवरा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य कांचीच्या पल्लव राजांवर विजय मिळवून आला म्हणून. मजा म्हणजे हरवलं त्यांनाच आणि नमुना घेतला त्यांच्याच कांचीच्या कैलासनाथ मंदिराचा. बांधणाऱ्या स्थपतीचं नावसुद्धा लेखात आहे, गुंड अनिवारिताचारी. राणीचं नाव राहतं हे ठीक, पण गवंड्याचं राहिलं याचं मला जास्त अप्रूप वाटलं.

हंपीला गर्दी, बॅटरी गाडीची रांग, दगडी रथासमोर पन्नासची नोट धरून फोटो काढणारे (आम्हीही काढला, आईने नोट धरली). रथ म्हणजे खरं तर गरुडाचं देऊळ आणि पुढचे हत्ती मूळचे नाहीत, नंतर आणून ठेवलेत. सुरांचे खांब आता वाजवू देत नाहीत, बरंच आहे. विठ्ठल मंदिराचा गाभारा रिकामा बघून आमच्या बसमधल्या काकू एकदम गप्प झाल्या. मग गाइडला म्हणाल्या, अहो इथला विठोबा एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी पंढरपूरला परत आणला. गाइड म्हणाला ती आख्यायिका आहे अम्मा, इतिहासात तसा पुरावा नाही. काकू म्हणाल्या पुरावा पंढरपूरला उभा आहे, ये बघायला. सगळा ग्रुप हसला, गाइडसुद्धा.

कोणी ही टूर बुक करणार असाल तर आधी विचारून घ्या, ऐहोळेला किती वेळ आहे आणि मेगुती धरलंय का. उत्तर देताना मॅनेजर अडखळला तर गाडी करून स्वतः जा, आणि गाइड मात्र बदामीत तिथलाच घ्या.