आंब्याच्या टेम्पोचा पाटा आणि माझी पद्मिनी

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं मूळचं १०८९ सीसीचं इंजिन काढून त्यात कॉन्टेसा गाडीचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन बसवलंय. ती रस्त्यावर चालवत नाही, टेम्पोवर चढवून नेतो. सरावाला जागा म्हणजे रत्नागिरीजवळ एका ओळखीच्यांच्या बंद बर्फ कारखान्याचं आवार. सत्तरेक मीटर सिमेंट, मग माड. ड्रॅगचे, म्हणजे उभ्या गाडीपासून सरळ रेषेत पळायच्या शर्यतीचे, पूर्ण ४०२ मीटर तिथे मावत नाहीत, पण माझं दुखणं पहिल्या ६० फुटांतच होतं.

क्लच सोडला की मागून धाड-धाड-धाड. डिकीतला जॅक उडायचा, गाडी जागच्या जागी थयथयाट करायची. एका सकाळी इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधाच तुटला.

गाडीचे पाटे, म्हणजे मागचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बसवणाऱ्या आमच्या पाटेवाल्या काकांचं निदान तयार होतं. "मागून लूज पडलीय रे. टेम्पोला घालतो तसा एक पाटा वाढवू." हंगामात आंब्याच्या पेट्या भरून वाशीला जाणाऱ्या टेम्पोंना ते हेच करतात आणि तिथे ते बरोबरच असतं. मीही मान डोलावली. गाडी इंचभर उचलली गेली आणि धडधड कमी व्हायच्या ऐवजी आणखी जलद झाली!

मग मामेभावाला फोन घेऊन मागच्या चाकाशेजारी पालथं झोपवलं. एक्सलवर (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या कण्यावर) आणि पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर खडूने आडव्या रेघा मारल्या आणि सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ घेतला. तो बघून मी गप्पच झालो. चाक पुढे फिरतं, तसा एक्सल स्वतः उलटा पिळला जातो. डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं) नाक, म्हणजे शाफ्ट जोडलेलं पुढचं टोक, वर उठतं, पाट्याचा पुढचा भाग इंग्रजी एससारखा वाकतो. तेवढ्यात टायर निसटतो, पाटा सुटून परत येतो, टायर पुन्हा धरतो, पुन्हा पीळ. माल खाली दाबतो, इंजिन पिळतं. मी पिळाच्या दुखण्यावर वजनाचं औषध देत होतो.

वाढवलेला पाटा काढला. पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागाला दोन-दोन घट्ट क्लॅम्प मारले, मागच्या अर्ध्या भागाचे मात्र सैल केले. पुढचा भाग दांडीसारखा ताठ हवा, मागचा मोकळा. काकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. एक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट खाऱ्या हवेने असे धरले होते की एक कापावाच लागला; अख्खा दिवस त्यातच गेला.

मग दोन्ही बाजूंना एक्सलच्या बैठकीखालून पुढे जाणारी जाड पट्टी बसवली, टोकाला रबराचा ठोकळा. एक्सल पिळला की ठोकळा पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली, म्हणजे पाटा गाडीला अडकतो त्या गोल टोकाखाली, टेकतो आणि पीळ तिथेच थांबतो. डावीकडे फट १० मिलीमीटर, उजवीकडे ४. कारण शाफ्टच्या पिळाने उजवं मागचं चाक हलकं होतं आणि साध्या डिफरन्शियलमध्ये तेच आधी फिरतं. सिमेंटवर माझा काळा पट्टा कायम उजवीकडेच उमटायचा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, माझे ८५ किलो तेवढे कामी आले.

नाकाचा कोन पाणसळ लावून मोजला. शाफ्टच्या रेषेपेक्षा नाक थोडं वरच होतं. लेथवाल्याकडून एक्सल आणि पाट्याच्या मध्ये घालायच्या पाचरी करून घेतल्या आणि पहिल्यांदा उलट्या बसवल्या. गाडी अशी थरथरली की आरसा फिरला. माझ्या गाडीत एक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणजे नाक खाली न्यायचं तर पाचरीची जाड बाजू मागे. आता उभ्या गाडीत नाक तीन अंश खाली आहे. जोर आला की जवळपास सरळ होतं.

टायरची हवा ३२ वरून २४ पीएसआय केली ती सगळ्यात शेवटी. आधी केली असती तर कशाने काय सुधारलं ते कळलंच नसतं.

पहिले ६० फूट २.९ सेकंदांवरून २.६ वर आले. व्हिडिओची चित्रं मोजून काढलेला आकडा आहे, पण दर वेळी तोच येतो. जॅक डिकीत गप्प पडून असतो. उजवा काळा पट्टा डाव्यापेक्षा अजून वीतभर लांब उमटतो, तेव्हा तिथली फट आणखी एक मिलीमीटर कमी करून बघायची आहे. पण मृग तोंडावर आलाय. यू-बोल्टांना ग्रीस थापून गाडी पडवीत ठोकळ्यांवर चढवली आहे.