आठ जिल्हे, तीन दिवस आणि सात किलोमीटर

क्लचचा हात अजून नीट मिटत नाही. चहाचा कप धरला की बोटं थरथरतात. त्यामुळं लिहिण्यात कडवटपणा येईल, तो समजून घ्या. आठ दिवस थांबून लिहिलं असतं तर गोड लिहिलं असतं, आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्याच चिखलात उतरला असता.

मराठवाडा मुक्तिदिनाला दरवर्षी निघणारी ही आमची मोटारसायकल रॅली. यंदाची घोषणा होती 'आठही जिल्हे, तीन दिवसांत'. संभाजीनगरहून पैठण, शहागड, बीड, धाराशिव करत तुळजापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी नळदुर्ग, उमरगा, किल्लारी, औसा, लातूर, अहमदपूर, कंधार आणि रात्री नांदेड. तिसऱ्या दिवशी वसमत, औंढा, जिंतूर, मंठा, जालना, घरी. कागदावर आठ जिल्हे बरोबर भरतात. वर्गणी साडेचार हजार, त्यात टी-शर्ट, मेडल आणि दोन मुक्काम. गाड्या त्रेचाळीस.

पहिल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रस्ता चांगला, मांजरसुंब्याच्या घाटात हवा सुंदर, बीडच्या अलीकडं चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, अंधार पडायच्या आत तुळजापूर. खटकल्या त्या दोनच गोष्टी. सतरा तारखेला सकाळी सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजारोहण असतं, त्या भागातली वाहतूक वळवलेली असते, आणि आपले लोक नेमके तिथंच जमायचं ठरवतात. निघायला साडेदहा वाजले. आणि त्रेचाळीस गाड्या एकाच पंपावर पेट्रोलला थांबल्या की पाऊण तास जातो. टाकी आदल्या रात्री भरून ठेवा, एवढं सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

आता त्या सात किलोमीटरकडं येतो.

लातूर सोडलं तेव्हा पाऊस होता. अहमदपूरला पोचेपर्यंत, एकच्या सुमारास, उघडला. तिथं चहा, फोटो, भाषण. नांदेडला जाणारा सरळ रस्ता लोह्यावरून आहे, पण आम्हाला कंधारचा किल्ला बघायचा होता म्हणून आत वळलो. वीसेक किलोमीटर बरं चाललं. मग एके ठिकाणी रस्ता रुंदीकरणासाठी खोदून ठेवलेला. फोननं लगेच दुसरी वाट दाखवली, सात किलोमीटर, पंधरा मिनिटं. ती वाट म्हणजे पाणंद होती. दोन्ही बाजूंनी सोयाबीन, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या.

तोंडाशीच एक म्हातारे शेतकरी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभे होते. म्हणाले, "तिकडून नगा जाऊ. वापसा न्हाई अजून, रान वलं हाय. गाड्या रुततेत."

आमच्या पुढाऱ्यानं हसून फोन पुढं केला. "काका, मॅपवर रस्ता दाखवतोय."

"त्याला काय, दाखवील. त्याला कुठं ढकलायचीय?"

हे वाक्य पुढच्या वर्षीच्या टी-शर्टावर छापा.

सव्वातीनला आत शिरलो. शेवटची गाडी बाहेर आली तेव्हा साडेसात वाजले होते. सात किलोमीटरला सव्वाचार तास. हायवेवर काळ्या मातीची ओळख होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भर पावसात हा चिखल पातळ असतो, चाक घसरतं पण फिरतं. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले की तो मळलेल्या कणकेसारखा होतो, आणि खरा वैरी तो. टायर माती गोळा करत जातं, थरावर थर चढतो, मडगार्ड आणि टायर यांच्यातली दोन बोटांची फट भरते आणि पुढचं चाक जाम होतं. एंजिन ओरडतं, मागचं चाक फिरतं, पुढचं फिरतच नाही. गाडी नांगरासारखी ओढली जाते. काडीनं माती काढायची, पन्नास पावलं जायचं, परत काढायची. आमच्यातल्या दोघांनी अर्ध्या क्लचवर जोर लावला आणि क्लच प्लेट जाळल्या. तो वास एकदा आला की समजा, पुढचा प्रवास पिकअपमध्ये.

आणि पिकअप कुठं होती? हायवेनं लोह्याला गेली होती. औषधांची पेटी, हवेचा पंप, दोरखंड, मेकॅनिक, सगळं तिच्यात.

आम्ही असे अडकलेले असताना मागून एक दूधवाला आला. जुनी स्प्लेंडर, दोन बाजूंना दोन कॅन. त्याच्या गाडीला पुढचा मडगार्ड नव्हताच. चाकोरीत तो उतरलाच नाही, बांधाच्या कडेनं गवतावरून, दोन्ही पाय खाली सोडून, पहिल्या गिअरवर निघून गेला. दोन-अडीच लाखांच्या आमच्या गाड्या नुसत्या बघत राहिल्या.

तेव्हा शहाणपण आलं ते असं. पुढचा मडगार्ड चिखलात शिरायच्या आधी काढायचा, जाम झाल्यावर नाही, कारण तोवर बोल्टच दिसत नाहीत. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना चालतो, काहींना ॲलन की लागते. आपल्या गाडीला काय लागतं ते घरीच बघून ठेवा. ब्रेकची नळी मडगार्डला अडकवलेली असेल तर ती आधी सोडवून फोर्कला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधा, नाहीतर चाकात जाईल. मग गाडीवरून उतरून, बाजूनं चालत, पहिल्या गिअरवर, गवताच्या कडेनं. क्लच पूर्ण सोडा किंवा पूर्ण दाबा, अधलंमधलं नको. पीक उभं असेल तर बांध सोडून शेतात घालू नका, सोयाबीन हातातोंडाशी आलेलं असतं या दिवसांत. बाहेर पडल्यावर पहिल्या हापशावर डिस्क आणि चेन धुवा, चेनला तेल द्या, आणि दोन-चार वेळा ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय वेग घेऊ नका. आमच्यातल्या एकाला ब्रेकच लागेना, थोडक्यात वाचला.

बारा गाड्या ट्रॅक्टरनं ओढाव्या लागल्या. ट्रॅक्टरवाल्यानं सुरुवातीला गाडीमागं दोनशे सांगितले. सातव्या गाडीनंतर परत सर आली आणि भाव पाचशे झाला. तिथं मीही तावातावानं भांडलो. आता विचार करतो, तर त्याचा ट्रॅक्टर, त्याचं डिझेल, आणि आमच्यापायी तोही दोनदा फसला. ही लूट त्याच्या नावावर लिहिता येत नाही. साडेचार हजार घेऊन कुणी त्या वाटेनं आधी गेलंच नव्हतं, लूट म्हणायची तर ती. ट्रॅक्टरचे पैसे आयोजकांनी द्यावेत असं म्हटलं तर उत्तर आलं, "साहस म्हटलं की एवढं चालायचंच." साहस ठरवून करतात, गफलतीला साहस म्हणत नाहीत.

कंधारचा किल्ला अर्थातच अंधारात बाहेरून पाहिला. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, आणि आम्ही त्याच्यावर हेडलाइट मारून परत फिरलो. नांदेडला लॉजवर ठरलेल्या भावापेक्षा खोलीमागं चारशे जास्त मागितले. उशिरा आलात, चिखल धुवायला माणूस लागेल, हे कारण. द्यावे लागले. बुकिंगचा कागद कुणाकडंच नव्हता, सगळं तोंडी. साडेदहाला तसेच गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. हातपाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला, पंगतीत बसलो. डाळ-रोटी वाढताना कुणी विचारलं नाही की कपड्यांना हे काय लागलंय. तीन दिवसांत एवढं चांगलं जेवण दुसरं झालं नाही, अर्थात भूकही तशीच होती.

तिसरा दिवस साधा गेला असता. औंढ्याचं दर्शन, जिंतूरपर्यंत मोकळा रस्ता. पण जालन्यात कागद उघडला तर शेवटची ओळ होती, 'समृद्धीनं संभाजीनगर, ४५ मिनिटं'. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे! पहिल्या दिवसापासून आहे. तरी पुढाऱ्यानं गाड्या इंटरचेंजपर्यंत नेल्याच. तिथल्या माणसानं हात आडवा केला आणि त्रेचाळीसपैकी उरलेल्या एकेचाळीस गाड्या माघारी वळल्या. मग बदनापूर, करमाड, शेंद्रा असा जुनाच रस्ता, शनिवार-रविवारसारखी गर्दी, काळोखात घरी. नाशिक-पुण्याकडून येणाऱ्यांनो, तुमचा फोन समृद्धी दाखवत असेल तर त्याला आधी 'मोटारसायकल' सांगा.

ही रॅली बंद करा असं मी म्हणत नाही. चौथ्यांदा गेलो, पाचव्यांदाही जाईन. पण आकडेमोड नीट केली पाहिजे. दुसऱ्या दिवशी तीनशेहून जास्त किलोमीटर आणि चार ठिकाणं, ही बेरीज सप्टेंबरात बसत नाही. साडेसहाला सूर्य मावळतो आणि पावसानं दोन तास खाल्ले की गणित संपलं.

काहीजण म्हणतात, रॅली जानेवारीत न्या. थंडी असते, हुरडा मिळतो, रस्ते कोरडे. मिळतो, पण मग उसाच्या ट्रॉल्याही मिळतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, संध्याकाळी सहानंतर हायवेवर डोंगर उभा असल्यासारखं काहीतरी एकदम समोर येतं. मला चिखल परवडेल, तो निदान हळू मारतो. शिवाय मुक्तिदिनाची रॅली जानेवारीत काढायची तर नाव बदला.

माझं म्हणणं वेगळंय. हैदराबाद संस्थानावरची १९४८ ची पोलीस कारवाई १३ सप्टेंबरला सुरू झाली आणि १७ ला निजामानं शरणागती पत्करली. पाच दिवस. सोलापूरकडून आलेल्या फौजेची पहिली गाठ नळदुर्गला पडली आणि बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात आला. या रॅलीची सुरुवात तिथं, तेरा तारखेला व्हायला हवी. पाच दिवस घ्या, रोजचे दीडशे किलोमीटर धरा, आणि सतराला सकाळी संभाजीनगरला झेंड्यापाशी पोचा. यंदा नळदुर्गला आम्हाला वीस मिनिटं दिली होती. बोरीला पाणी होतं, पाणीमहालावरून नर-मादी धबधबे दोन्ही कोसळत होते, आणि मागून शिट्ट्या वाजत होत्या, चला, चला. पाच दिवसांची रजा मिळत नाही म्हणणाऱ्यांनी दोनच दिवस या, अर्ध्या वाटेत सामील व्हा. आठही जिल्ह्यांचं मेडल नाही मिळालं तर काही बिघडत नाही.

दुसरं, त्रेचाळीस गाड्यांची एकच रांग नको. आठ-आठच्या तुकड्या करा, प्रत्येकीत एक पुढं, एक शेवटी. वळणावर पुढच्याच्या मागचा गडी थांबतो, हात दाखवतो, शेवटचा दिसला की त्याच्या पुढं निघतो. मग फोन बघायची गरजच राहत नाही आणि कुणी चुकत नाही. यंदा लातूरच्या रिंगरोडवर अकरा जण हरवले ते याच कारणानं. पिकअप नेहमी शेवटच्या गाडीमागं, दुसरीकडं कुठंच नाही.

आणि किल्लारीतून जाताना हॉर्न वाजवू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तिथल्या लोकांना अजून आठवते. यंदा स्मारकाजवळ आपल्यातल्या चौघांनी सायलेन्सरमधून फटाके फोडल्यासारखे आवाज काढले. एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मी गाडी बंद करून माफी मागितली, पण ती त्या चौघांनी मागायला हवी होती.

वाटेची पाहणी रॅलीच्या आठवडाभर आधी, पाऊस पडून गेल्यावरच झाली पाहिजे. मे महिन्यात पाहून आलेली वाट सप्टेंबरात नसते. पुढच्या वर्षी पाच सप्टेंबरला मी निघतोय, नळदुर्ग ते कंधार. दोन जण हवेत. मडगार्ड घरीच काढून या.