मुलाला एसीच्या लाईनला घालू का?

सर्व्हिसिंग संपवून शिडी घडी करत असतो तेव्हा हा प्रश्न येतो. "दादा, मुलगा दहावी झालाय. तुमच्या लाईनला घालू का?" दारात उभ्या उभ्या मी नुसतं "घाला की" म्हणतो, पण ते पुरेसं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

आयटीआयमध्ये फ्रीज-एसीचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. दहावी पास लागतं. त्यानंतर अप्रेंटिसशिप मिळाली तर जरूर करावी. काम भरपूर आहे. गुढीपाडव्यापासून पहिल्या पावसापर्यंत जेवायला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात मात्र हात रिकामे राहतात, म्हणून त्या दिवसांसाठी फ्रीज, डीप फ्रीजर, गिझर हेही आलं पाहिजे.

हे झालं बाहेरचं. खरी गोष्ट वेगळी आहे.

मी नवा होतो तेव्हा एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरचा कॉम्प्रेसर बदलला. उन्हाळ्याची घाई, पुढे आणखी तीन कॉल. नळ्यांतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप दहा मिनिटं लावला, गॅस भरला, गार होताना पाहिलं आणि निघालो. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: थंड होतं, मग बंद पडतं, तासाभराने पुन्हा थंड होतं. आत पाण्याचा अंश राहिला होता. तो कॅपिलरीच्या, म्हणजे आतल्या अगदी बारीक नळीच्या, तोंडाशी गोठायचा, गॅसची वाट अडायची. बर्फ वितळला की वाट मोकळी. आमच्यात याला मॉइश्चर चोक म्हणतात. त्या दुकानदाराचा अख्खा माल गेला. पैसे मी हप्त्याने फेडले, पण त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचा चेहरा अजून आठवतो.

पंप कशासाठी लावायचा, हे मला त्या दिवशी कळलं. दाब पुरेसा खाली गेला की पाणी खोलीच्या तापमानालाही उकळतं आणि वाफ होऊन बाहेर ओढलं जातं. त्याला वेळ लागतो. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी तेवढा वेळ लागतोच.

असंच गॅसचं. दरवर्षी "गॅस संपला" म्हणून भरून देणारे पुष्कळ आहेत. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या नटपाशी, तेलाचा ओलसर डाग दिसतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. ते शोधायचं, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहायचं, आणि मगच गॅस. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होतो.

गॅसही बदलत गेले. ओझोनच्या थराला घातक असलेला आर-२२, १९८७ च्या माँट्रियल करारामुळे हळूहळू बाद होत गेला. आता घराघरांत येणारा आर-३२ थोडा का होईना, पेट घेतो, आणि त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो. आर-२९० तर सरळ प्रोपेनच आहे. नळीत गॅस असताना नळ्या जोडायचा ज्वालेचा टॉर्च पेटवणारा मुलगा मला नको. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेरच्या आउटडोअर युनिटवर पट्टा न बांधता उतरणाराही नको. पट्टा बांधायला पाच मिनिटं जातात म्हणून कुरकुरणारी गिऱ्हाइकं असतात. त्यांचं ऐकायचं नाही, हे मुलाला घरूनच शिकवून पाठवा.

मुलींना घालू का, असंही दोघीतिघींनी विचारलं. अवश्य घाला. आउटडोअर युनिट उचलायला पुरुषांनाही दोघं लागतात.

आणि फी भरण्याआधी एक करा. एप्रिलमध्ये त्याला एक दिवस माझ्याबरोबर पाठवा. शिडी धरेल, पाणी आणून देईल. पंप चालू असताना तो मोबाईल बघतो की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा, ते मी संध्याकाळी तुम्हाला सांगतो.