छापू नये

सकाळी साडेदहाला देवाला उदबत्ती लावत होतो, तोच काकू जिना चढून वर आल्या. अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात पहिल्या मजल्यावर आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवायचं काम चालतं, त्याला आता बावीस वर्षं झाली. काकू वाईहून पहिल्या एसटीने आल्या होत्या. कापडी पिशवीतून त्यांनी दोन सीड्या काढल्या, एक अर्धी वाळवीने खाल्लेली वही काढली आणि म्हणाल्या, "ह्यांचं काम आहे सगळं. उघडून द्याल?"

त्यांचे यजमान जावळी तालुक्यात शिक्षक होते. वाडीवस्तीवर बदल्या होत गेल्या तसतशा त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या, तब्बल सतरा वह्या. २००१ साली एका छापखान्यात सगळं मॅटर कंपोज झालं, चार पानांचं प्रूफही निघालं, मग पैसे संपले आणि काम राहिलं. पुढे सर गेले, छापखाना बंद पडला, वह्यांना वाळवी लागली. शिल्लक होत्या त्या ह्या सीड्या, ही एक वही आणि तिच्यात जपलेली प्रूफाची चार पानं.

सीडी वाचली गेली याचाच मला आनंद झाला. पण फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांवर टिंबं, टोप्या, मधेच पौंडाचं चिन्ह असला चिखल आला. हा चिखल मी ओळखतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेली जागा देणारी पद्धत, १९९१ साली आलं आणि त्यात देवनागरीला १२८ जागाही मिळाल्या, तरी आमच्या धंद्यात ते पोचायला फार वर्षं लागली. पानं जुळवायचं आमचं सॉफ्टवेअर, पेजमेकर, तर शेवटपर्यंत युनिकोडवर आला नाही. मग मराठी फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याचा रफार. तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसायचं, आणि सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरच्या मागे लॉक लावावं लागायचं, बोटाएवढं. त्या छापखान्याचं लॉक मशीनबरोबर कुठे गेलं, कुणालाच माहीत नाही.

फॉन्टच्या कंपनीला फोन केला. ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या, जुनं लॉक जमा केलं तर सवलत मिळेल, असं उत्तर आलं. आणि जुनी फाइल? "त्याची खात्री देता येणार नाही." काकू समोरच बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "लिहिलं ह्यांनी, टाइप करायचे पैसे दिले आम्ही. मग हे आमचं नाही का?"

त्यांच्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, कारण अशी लॉकं लावून मी स्वतः शेकडो पुस्तकं केली आहेत. ती सगळी मॅटरं आज कुठल्या कुलपात आहेत, हा विचार मी कधी केला नव्हता.

आमच्याकडे शिकायला असलेला मुलगा म्हणाला, "दादा, क्रॅक मिळतो त्याचा. पेनड्राइव्हवर आणतो." मी नाही म्हटलं. फॉन्ट काढायला काय लागतं ते मी जवळून पाहिलंय. एकेका जोडाक्षरावर माणसं महिनोन्‌महिने बसतात, त्यांची भाकरी चोरायची नाही. त्यावर तो म्हणाला, "पण मजकूर काकूंचाच आहे ना? मग चोरी कसली?" प्रश्न खोटा नव्हता. ओळखीच्या वकिलांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. कुणाचा हक्क बुडवायच्या इराद्याने असं कुलूप तोडणं हा गुन्हा आहे. क्रॅक वापरणं म्हणजे सॉफ्टवेअरच फुकट वापरणं, त्या भानगडीत पडू नका. पण कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर हे आपल्या डोक्याने शोधून आपलाच मजकूर वाचला, तर त्यात कुणाचं काय गेलं? मला हे पटलं. सॉफ्टवेअर कंपनीचं, अक्षरांची वळणं कंपनीची. ओव्या कंपनीच्या नाहीत.

मी बोलत होतो तेवढ्यात पोराने घाईने जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी एक कन्व्हर्टरची वेबसाइट उघडून पानभर मजकूर त्यात टाकलाही होता, बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. काकूंनी पडद्याकडे बोट करून विचारलं, "बाळा, हे कुठे जातंय?"

त्याला सांगता येईना. मलाही येईना. कुणाच्या सर्व्हरवर जातं, तिथे किती दिवस राहतं, कोण वाचतं, काही लिहिलेलं नव्हतं. काकूंनी उरलेली वही उघडून एक पान दाखवलं. प्रत्येक ओवीखाली बाईचं नाव, गाव, वय. आणि काही ठिकाणी सरांच्या बारीक अक्षरात टीप: 'नवरा मारतो. हिने विश्वासाने सांगितले. छापू नये.' लाल शाईत, 'छापू नये'खाली दोन रेघा. सगळ्या टिपा कंपोजिटरने जशाच्या तशा मॅटरमध्ये घेतल्या होत्या. पोराने ती खिडकी बंद केली आणि नेटची वायरच काढून ठेवली. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

मग आम्ही प्रूफाची ती चार पानं पुढ्यात घेतली. एका बाजूला छापलेलं मराठी, दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा चिखल. एकेक चिन्ह जुळवत कागदावर तक्ता मांडायचा. वाटतं तेवढं हे सोपं नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'ग' एक अक्षर नसतो, अर्धा 'ग' आणि पुढे काना असे दोन तुकडे असतात. पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. पोराने छोटा प्रोग्रॅम लिहिला, चालवला, तर 'शिवार'ची वेलांटी 'श'ला सोडून आधीच्या शब्दाच्या शेपटीला जाऊन बसली. दुरुस्त केली. मग काकू म्हणाल्या, "अहो, जावळीत दर्या कुठला आला? डोंगरदऱ्या म्हणायचंय." 'र्या' आणि 'ऱ्या'साठी त्या फॉन्टमध्ये दोन वेगळी चिन्हं होती आणि आम्ही दोन्हींना एकच धरलं होतं. समुद्र आणि दरी यांच्यात फरक फक्त त्या आडव्या 'र'चा. ते काकूंनी पकडलं, मी नाही.

जेवण तिथेच झालं, त्यांनी भाकरी आणि ठेचा आणला होता. चारच्या सुमाराला पहिली ओवी सलग उमटली:

दळण सरलं माझं, पीठ पडं भुरूभुरू
जिवातलं गूज बाई, कुणापाशी हलकं करू

काकूंनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली आणि हळूच चालीवर म्हटली. पोरगा उठून पाणी आणायला गेला.

नावांचं काय करायचं, यावर मात्र बराच वेळ गेला. माझं म्हणणं, नावं काढून टाकूया. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून ओव्यांचं जे प्रचंड काम केलं, लाखाच्या वर ओव्या, त्यात गाणाऱ्या बाईचं नाव-गाव मानाने नोंदलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. तरीही मला भीती वाटत होती. काकूंचं म्हणणं वेगळं. "नाव काढलं तर ओवी कुणाची राहिली? ती हिनेच जुळवली ना? तिची म्हणून काहीतरी राहू दे." दोन्ही खरं. शेवटी दोन फाइली केल्या. एक नावांसकट, फक्त काकूंकडे. दुसरीत नावांच्या जागी नुसता क्रमांक. माझ्या कॉम्प्युटरवरच्या प्रती काकूंसमोर पुसल्या.

फाइल साध्या मजकुराची दिली, कुठेही उघडेल अशी. वाचायला 'मुक्त' हा फॉन्ट दिला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट काढणाऱ्या मंडळींचा, खुल्या परवान्याचा, त्याला लॉक नाही. आमचा तक्ता मी ठेवून घेतला. त्यात ओवी एकही नाही, आणि त्याच छापखान्याच्या सीड्या आणखी कुणाकडे तरी असणारच.

अकरा चिन्हं मात्र लागली नाहीत. चार पानांच्या प्रूफात ती आलीच नव्हती. अंदाजाने भरायला काकूंनी ठाम नकार दिला. ती ठिकाणं मी लाल चौकोन करून ठेवली, छापून हातात दिली. त्यांनी कागद चौघडी करून वहीत घातला.

"दोघीजणी अजून आहेत गावात," जिना उतरताना त्या म्हणाल्या. "शब्द त्यांनाच विचारते. आणि नावाचंही."